एक गुळव्या, दोन पाय आणि दहा पटींचं भिंग

करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावरचे गुळवे, वय ५६. दोन्ही घोट्यांच्या वर काळसर चट्टे, खाज, उजव्या पायातून लस. दुखणं कार्तिकात सुरू झालं आणि ते दाखवायला आले फाल्गुनात. म्हणजे अख्खा हंगाम त्यांनी ते अंगावर काढलं. शिरांच्या दाबातून येणारा पायाचा इसब भिंगाखाली कसा ओळखावा, हे शिकवण्यासाठी प्रकरण बांधलेलं आहे, हा कुणी एक माणूस नव्हे. पण गुऱ्हाळावरून, फाउंड्रीतून, हॉटेलच्या भट्टीपुढून येणारे पाय पाहिलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल.

काम असं. पहाटे तीनला काहिलीच्या कडेला उभं राहायचं ते दुपारी दोनला मोकळं व्हायचं. मळी काढायची, भेंडीचं पाणी घालायचं, गूळ धरायची वेळ नजरेनं ओळखायची. एक आदण, म्हणजे काहिलीभर रस, उतरेपर्यंत दोन-अडीच तास जागा सोडता येत नाही आणि पायाशी चुलवाण पेटलेलं.

उभं राहणं आणि चालणं यांत पायाच्या शिरांच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्थिर उभं राहिलं की घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत चढतो. हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताच्या खांबाचा तो भार. चालायला लागलं की पोटरीचा स्नायू दर पावलाला शीर पिळतो, झडपा रक्ताला मागं येऊ देत नाहीत आणि दाब ३० च्या आसपास उतरतो. झडपा निकामी झाल्या की चालूनही तो पुरेसा उतरत नाही. आचेनं कातडीतल्या शिरा आणखी सैलावतात. हा चढा दाब शेवटी केशवाहिन्यांपर्यंत पोचतो. त्या लांबतात, वेटोळ्या होतात, त्यांतून पाणी, प्रथिनं आणि तांबड्या पेशी झिरपतात. पेशी मोडून उरलेलं लोह हिमोसिडेरिन म्हणून कातडीत साठतं. घोट्यावरचा तपकिरी रंग मुख्यतः त्याचा. वेटोळी आणि लोह, या दोन गोष्टी भिंगाखाली, म्हणजे कातडी पाहायच्या डर्मोस्कोपखाली, शोधायच्या. त्या सापडायला फारसा वेळ लागत नाही. सापडल्यावर फसायला होतं, आणि या प्रकरणात ते तीन ठिकाणी होण्यासारखं होतं.

आधी काय काय झालं

सुरुवातीला गजकर्ण समजून तिहेरी मलम: क्लोबेटासोल हे जोरकस स्टेरॉइड, बुरशीवरचं औषध आणि प्रतिजैविक, तिन्ही एकाच ट्यूबमध्ये. आठ दिवसांत बरं वाटलं, बंद केल्यावर दुप्पट झालं. दोन महिने हा खेळ चालला. मग पाय लाल आणि गरम दिसतो म्हणून धावरं, म्हणजे कातडीतला जंतुसंसर्ग (सेल्युलायटिस), ठरलं आणि गोळ्यांचे दोन कोर्स झाले. फरक नाही. पौषात उजव्या घोट्याची कातडी फुटली, तेव्हा घरात पडलेलं फ्रॅमायसेटीन या प्रतिजैविकाचं मलम त्यावर सुरू झालं, वरून क्रेप बँडेज. डावा पाय फुटला नव्हता म्हणून त्याला मलम नाही. त्याला घरची हळद आणि खोबरेल. या योगायोगानं एकाच माणसाचे दोन पाय दोन वेगळ्या उपचारांखाली गेले आणि तुलनेला आयते मिळाले.

धावऱ्याबद्दल इथंच बोलून घेऊ, कारण ती चूक सगळ्यांत महाग पडते. धावरं जवळजवळ नेहमी एकाच पायाला होतं. एक-दोन दिवसांत चढतं, हात लावू देत नाही, बहुधा ताप आणतं. दोन्ही पाय लाल, महिनोन् महिने, दुखण्यापेक्षा खाज जास्त, ताप नाही, असं असेल तर जंतूंच्या मागं लागण्याआधी शिरा पाहाव्यात. या प्रश्नाला डर्मोस्कोप लागत नाही.

भिंग लावण्याआधी

उभं करून पाहिलं तेव्हा उजव्या मांडीच्या आतल्या अंगानं पोटरीपर्यंत फुगलेली वाकडीतिकडी शीर. डावीकडे तीच, पण बारीक. दोन्ही घोट्यांवर अंगठा दाबला की खळगा राहतो. आतल्या घोट्याच्या वर वीतभर पट्ट्यात तपकिरी कातडी. पायांच्या नाड्या लागत होत्या. उजवीकडे लालसर, ओला भाग त्या पट्ट्याच्या बराच वर, गुडघ्याखाली चार बोटांपर्यंत गेलेला आणि त्याची वरची कड चक्क सरळ. डाव्या नडगीच्या बाहेरच्या अंगाला, बाकीच्या चट्ट्यापासून सुटी, १४ मिलिमीटरची खवल्यांची चकती. “ह्यो नायटाच हाय मूळचा, ह्याच्यापास्नं सगळं पसरलं,” असं रुग्णाचं म्हणणं.

सावळ्या कातडीवर लाली लाल दिसत नाही, जांभळट किंवा नुसती गडद दिसते. भिंगाखालीही तपकिरी पार्श्वभूमीवर वाहिन्या हरवतात. म्हणून तपासायची जागा निवडताना चट्ट्याचा सगळ्यांत काळा भाग सोडावा आणि जिथं रंग कमी, सूज ताजी, तिथून सुरुवात करावी. बहुधा ही जागा वरच्या कडेला सापडते.

भिंग साधं, हातातलं, दहा पटींचं, ध्रुवित (पोलराइज्ड) आणि अध्रुवित दोन्ही उजेडांचं. ध्रुवित उजेडात वाहिन्या आणि आतले रंग चांगले दिसतात, अध्रुवित उजेडात पापुद्रे आणि खपल्या. दोन्ही लावून पाहायचं, एकावर भागवायचं नाही.

पायावर सगळ्यांत जास्त बिघडते ती दाबाची बाजू. काच कातडीवर टेकवून जरा दाबली की केशवाहिन्या रिकाम्या होतात आणि ‘वाहिन्या नाहीत’ अशी नोंद होते. सुजलेल्या पायावर हे आणखी सहज घडतं. म्हणून पहिली फेरी काच न टेकवता, ध्रुवित उजेडात. पापुद्रे आड येत असतील तर सोनोग्राफीची जेल जाडसर थर देऊन तिच्यावर काच तरंगती ठेवायची. जंतुनाशक स्पिरिट निरोगी कातडीवर चालतं, फुटलेल्या पायावर नाही. आग होते आणि माणूस पुन्हा पाय पुढं करत नाही. लस गळत असेल तर काचेवर पारदर्शक पातळ फिल्म ताणून घ्यावी, प्रत्येक पायाला नवी.

दुसरी बाब पायाच्या स्थितीची. आल्या आल्या टेबलावर झोपवून पाहिलं तर वाहिन्या अर्ध्या रिकाम्या असतात. “काका, पाय खाली सोडून बसा जरा,” म्हणून पाच मिनिटं जाऊ द्यावीत आणि मग पाहावं. त्यानंतर झोपवून, पाय छातीच्या वर उचलून पाच मिनिटांनी तीच जागा पुन्हा. लटकत्या पायावर भरलेली वेटोळी उचललेल्या पायावर फिकी पडली, तर दाबाचा हिशेब डोळ्यांसमोर मांडून मिळतो. दोन्ही फोटो एकाच ठिकाणचे हवेत, म्हणून शेजारी जेल पेननं बारीक खूण करायची.

आणि हळद. डाव्या पायावर पहिल्या नजरेला पापुद्र्यांत पिवळे ठिपके आणि त्यांच्याखाली विटकरी छटा दिसली. पिवळे ठिपके म्हणजे सुकलेली लस, म्हणजे ताजा इसब, असा पाठ असतो. पण हे पिवळं खपलीसारखं उंच नव्हतं, पापुद्र्यांच्या फटीफटीत मुरलेलं होतं. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. शिवाय साबणासारख्या अल्कलीत तो तांबडा होतो. हळदीत चुना घातला की कुंकवाचा रंग येतो, तो याच गुणानं. रुग्ण पाय रोज साबणानं धूत होते आणि वर पुन्हा हळद लावत होते, त्यामुळं पिवळा आणि तांबडा दोन्ही रंग तयार होऊन बसले होते. लिक्विड पॅराफिनच्या बोळ्यानं दोनदा हलक्या हातानं पुसलं, पाच मिनिटं थांबून पुन्हा पाहिलं. पिवळे ठिपके गेले. ही पाच मिनिटं वाचवली असती तर डाव्या पायावर नसलेला ओला इसब लिहिला गेला असता आणि पुढची सगळी तुलना फुकट गेली असती.

डावा पाय

नोंद ठरलेल्या क्रमानं घ्यावी म्हणजे काही सुटत नाही. २०२० साली आंतरराष्ट्रीय डर्मोस्कोपी संघटनेच्या तज्ज्ञांनी कर्करोगाव्यतिरिक्तच्या त्वचारोगांसाठी पाच मुद्दे ठरवून दिले: वाहिन्यांचा आकार आणि मांडणी, पापुद्र्यांचा रंग आणि जागा, केसांच्या मुळांतले बदल, इतर रचना, आणि एखाद्या रोगाची खास खूण. पायाला हा क्रम चपखल बसतो.

डाव्या घोट्याच्या वर वाहिन्या वेटोळ्या होत्या. दहा पटींत त्या गुंडाळलेल्या दोऱ्याच्या लहान गाठीसारख्या दिसतात. मूत्रपिंडातल्या केशवाहिन्यांच्या गुच्छांवरून त्यांना ग्लोमेरुलर वाहिन्या म्हणतात. त्या पुंजक्या-पुंजक्यांनी होत्या, मधे मोकळी जागा. पार्श्वभूमी तपकिरी-पिवळट, कुठं जाळीदार, कुठं सलग. पापुद्रे पांढरे, विरळ. काच दाबल्यावर वाहिन्या नाहीशा झाल्या, तपकिरी रंग तसाच राहिला. पाय उचलल्यावर गाठी स्पष्ट फिकट झाल्या. शिरांच्या दाबातून येणाऱ्या इसबाचं हे सरळ चित्र आहे.

शेजारचे पर्याय इथंच बाजूला करता येतात. सोरायसिसमध्ये ठिपक्यांसारख्या वाहिन्या चट्टाभर सारख्या अंतरानं पसरलेल्या असतात आणि पांढरे पापुद्रे दाट. इथं मांडणी विस्कळीत होती. शामबर्गसारख्या रक्तठिपक्यांच्या आजारात तांब्यासारख्या पार्श्वभूमीवर लाल ठिपके असतात, पण ते दाबून जात नाहीत. लायकेन प्लॅनस या त्वचारोगाची पांढरी जाळी नव्हती. गजकर्णासाठी चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पाहिला. बुरशीचे धागे नव्हते. ही खरवड टाळू नये. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी गजकर्णाचा चेहरा इतका बदलतो की नुसत्या भिंगाच्या भरवशावर तो नाकारणं धाडसाचं आहे. आणि घोट्यावर वेटोळी असली म्हणून तिथं बुरशी वाढू शकत नाही असं थोडंच आहे.

उजवा पाय

घोट्याजवळ डाव्यासारखंच: वेटोळी, लोहाचा रंग. पण चार बोटं वर सरकलं की चित्र पालटत होतं. वाहिन्या साध्या ठिपक्यांसारख्या, ठिकठिकाणी दाट, ठिकठिकाणी मुळीच नाहीत. त्यांच्यावर पिवळ्या, मेणचट, कातडीपासून उचललेल्या खपल्या. या पॅराफिननं जात नव्हत्या, ओल्या कापसानं मऊ होत होत्या आणि खाली ओल दिसत होती. लोहाचा तपकिरी रंग या वरच्या भागात जवळजवळ नव्हता.

लोह नसणं, ही उजव्या पायाची सगळ्यांत बोलकी नोंद आहे. शिरांच्या दाबाचा इसब वर सरकला असता तर आपला रंग घेऊन सरकला असता. रंगाशिवाय आलेला, ठिपक्यांच्या वाहिन्यांचा, लस सुटलेला भाग म्हणजे वेगळा, ताजा इसब त्याच पायावर बसलेला. वरची सरळ कड क्रेप बँडेजच्या कडेशी जुळत होती. औषध जिथपर्यंत पसरलं तिथपर्यंत इसब. संशय फ्रॅमायसेटीनवर गेला. ते निओमायसीनच्या कुळातलं. या कुळाची ॲलर्जी शिरांच्या दुखण्याच्या पायांवर वारंवार सापडते, कारण फुटलेली, सुजलेली कातडी, तिच्यावर महिनोन् महिने तेच मलम आणि वरून बंद पट्टी, यापेक्षा ॲलर्जी शिकवायची चांगली सोय नाही.

हे भिंगानं सिद्ध होत नाही. भिंगानं संशयाला जागा मिळते. सिद्ध करायला पॅच टेस्ट, म्हणजे संशयित द्रव्यं पाठीवर चिकटवून ॲलर्जी पाहायची चाचणी. ती ऐन भडक्यात करू नये, पाठीवर खोट्या प्रतिक्रिया उमटतात. पाय कोरडा झाल्यावर सहाव्या आठवड्यात केली, ४८ आणि ९६ तासांनी वाचली आणि सातव्या दिवशी पुन्हा, कारण निओमायसीनची प्रतिक्रिया पुष्कळदा उशिरा उठते. ९६ तासांना निओमायसीनच्या जागी नुसती पुसट लाली होती. सातव्या दिवशी पुरळ, सूज, स्पष्ट सकारात्मक. दोनच वाचनांवर थांबणाऱ्यांचा निकाल इथं चुकला असता.

नडगीवरची चकती

खरी अडचण हिची होती. १४ मिलिमीटर, कड आखीव, पांढरे-पिवळट घट्ट खवले आणि खवल्यांमधून दाट पुंजक्यांत वेटोळ्या वाहिन्या. बोवेन रोग, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरापुरता राहिलेला कर्करोग, भिंगाखाली नेमका असाच वर्णिलेला आहे: पुंजक्यांतली वेटोळी अधिक खवले. एकटी चकती, पाय आणि पन्नाशीपुढचं वय, हेही त्याला धरून.

घोट्यावर हीच वेटोळी पाहून आपण निःशंकपणे शिरांचा दाब म्हटलं होतं, मग इथं शंका कशाला? आणि घोट्यावर शंका नव्हती तर ती का नव्हती? उत्तर असं की पायाच्या खालच्या भागात वेटोळ्या वाहिन्यांना एकटीनं साक्ष देता येत नाही. तिथला दाब सदा चढा, त्यामुळं दुसऱ्या एखाद्या रोगाच्या डागातही केशवाहिन्या वेटोळ्या होऊ शकतात. खूण कुठं आहे, किती ठिकाणी आहे, तिच्याखाली लोहाचा रंग आहे का, दोन्ही पायांवर जोडीनं आहे का, पाय उचलल्यावर काय होतं, हे सगळं मिळून अर्थ लागतो. घोट्यावरचा चट्टा या सगळ्या कसोट्यांना उतरला होता. चकती तीन ठिकाणी अडली: ती एकाच पायावर, एकटी होती, तिच्याभोवती लोहाचा रंग तुटक होता, आणि पाय उचलल्यावर तिच्यातली वेटोळी फारशी फिकी झाली नाहीत.

तपासणीसाठी लगेच कातडीचा तुकडा (बायोप्सी) का काढला नाही, हा प्रश्न रास्त आहे. सुजलेल्या, इसब पेटलेल्या पायावरची जखम भरायला आठवडे घेते, कधी तिचाच व्रण होतो. बोवेन रोग महिन्या-वर्षांच्या गतीनं चालतो, तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही. म्हणून सरळ करार: तीन आठवडे चकतीलाही इतर चट्ट्यांसारखाच उपचार, फोटो ठेवलेला, आणि ती इतरांच्या बरोबरीनं उतरली नाही तर तुकडा. रुग्णाला तारीख लिहून दिली. तारीख न देता ‘बघू’ म्हटलं की हंगाम येतो आणि चकती राहते.

उपचार, आणि त्यातली एक चूक

पट्टी बांधण्याआधी धमन्या. घोटा-दंड दाबाचं गुणोत्तर: दहा मिनिटं झोपवून, हातात धरायच्या डॉपलरनं, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्रानं, प्रत्येक पायाच्या दोन नाड्यांतला वरचा आकडा, भागिले दोन दंडांतला वरचा आकडा. उजवा १४० भागिले १३८, म्हणजे १.०१, डावा १४६ भागिले १३८, म्हणजे १.०६. दोन्ही नीट. ०.८ च्या खाली आलं तर पूर्ण दाबाची पट्टी बांधायची नाही, ०.५ च्या खाली मुळीच नाही. मधुमेह्यांमध्ये धमन्या कडक होऊन आकडा १.३ च्या वर जातो. तो चांगला नव्हे, फसवा असतो, तिथं पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. या रुग्णाची साखर नेमात होती.

उभं करून केलेल्या शिरांच्या डॉपलर सोनोग्राफीत दोन्हीकडे मोठ्या सॅफेनस, म्हणजे पायाच्या आतल्या अंगानं वर जाणाऱ्या, शिरेत रक्त उलटं वाहत होतं: उजवीकडे सव्वादोन सेकंद, डावीकडे सव्वा सेकंद. अर्ध्या सेकंदाच्या पुढं गेलं की झडप नादुरुस्त धरतात. खोलवरच्या शिरा मोकळ्या, गुठळी नाही. झोपवून केलेली ही तपासणी निम्मी वाया जाते, म्हणून चिठ्ठीवर ‘उभं राहून’ असं लिहून पाठवावं.

फ्रॅमायसेटीन, हळद, तिहेरी मलम सगळं बंद. उजव्या पायाला पोटॅशियम परमँगनेटच्या १ : १०,००० पाण्याच्या ओल्या घड्या, म्हणजे एका लिटरला १०० मिलिग्रॅम, रंग फिकट गुलाबी. जांभळं पाणी कातडी भाजतं. १५ मिनिटं, दिवसातून दोनदा, लस थांबेपर्यंतच. इथं चार दिवस लागले. या पाण्यानं कातडी आणि नखं तपकिरी होतात आणि तो तपकिरी रंग भिंगाखाली लोहासारखा दिसतो, म्हणून घड्या चालू असताना घेतलेले फोटो तुलनेला धरू नयेत.

मोमेटासोन हे स्टेरॉइड ०.१ टक्का, क्रीम नको, ऑइंटमेंट; क्रीममध्ये टिकाऊपणासाठी घातलेली द्रव्यं असतात आणि हा पाय आधीच चिडलेला. मात्रा बोटाच्या पेरावर: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराइतकी रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम. गुडघ्यापासून घोट्यापर्यंतच्या उजव्या पायाला तीन पेरं, दीड ग्रॅम. डाव्या पायाचा भाग लहान, एक पेर. रोज एकदा, १४ दिवस: २१ अधिक ७, एकूण २८ ग्रॅम. ३० ग्रॅमची ट्यूब लिहावी लागते. पाच ग्रॅमची लिहिली तर माणूस ती आठवडाभर पुरवतो आणि औषध लागू पडत नाही असा निष्कर्ष निघतो.

दाबासाठी लस थांबेपर्यंत खाली कापसाचा थर आणि वर कमी ताणाची पट्टी, पावलाच्या बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत. पहिल्या आठवड्यात चूक झाली ती इथंच. रुग्णांनी घरची जुनी क्रेप काढली, घोटा ओला आहे म्हणून तो मोकळा सोडला आणि पोटरीपासून घट्ट गुंडाळत आणली. तिसऱ्या दिवशी पाऊल टम्म. सारख्या ताणानं बांधलेली पट्टी बारीक घेराला जास्त दाबते आणि जाड घेराला कमी. त्यामुळं नीट बांधलेल्या पायात दाब घोट्याशी जास्त आणि वर उतरता येतो, रक्त वर ढकललं जातं. घोटा सोडून पोटरी आवळली की तो उतार उलटा होतो आणि पोटरीची पट्टी फास बनते. क्रेपची आणखी खोड अशी की ती काही तासांत सैल पडते आणि सैल पडली की माणूस पुढच्या वेळी आणखी आवळतो. क्रेप त्यांच्याकडून काढून घेतली. उरलेल्या दिवसांत पट्टी दवाखान्यातच, दर तिसऱ्या दिवशी.

पाय कोरडा झाल्यावर गुडघ्याखालचा दाबमोजा (कॉम्प्रेशन स्टॉकिंग), दुसऱ्या श्रेणीचा, घोट्याशी २३ ते ३२ मिलिमीटर दाब देणारा. माप सकाळी, सूज उतरलेली असताना. ‘सकाळी उठल्यावर घाला’ ही सूचना गुळव्याला लागू पडत नाही. त्याची सकाळ रात्री अडीचला होते. अंथरुणातून पाय खाली टेकवण्याआधी घाला, वेळ कोणतीही असो, असं सांगावं लागतं. व्हॅसलीन रात्री मोजा काढल्यावर, कारण त्यानं मोज्याचं लवचिक सूत लवकर सैल होतं.

तीन आठवड्यांनी

उजव्या पायाचा वरचा भाग साफ. ठिपके नाहीत, पिवळ्या खपल्या नाहीत, पार्श्वभूमी आजूबाजूच्या कातडीसारखी. घोट्यांवरचे पापुद्रे गेले, वेटोळी कमी झाली, लोहाचा रंग होता तसाच. चकती होती तेवढीच. खवले जरा मऊ, वाहिन्या जशाच्या तशा. कराराप्रमाणे तुकडा: जागा बधिर करायला लिग्नोकेन, चार मिलिमीटरचा पंच (गोल पात्याचं हत्यार), खवल्यांच्या कडेचा नव्हे तर वाहिन्या सगळ्यांत दाट असलेल्या जागेचा, भिंगाखाली आधी खूण करून. ४-० नायलॉनचा एक टाका, पायावर असल्यानं १४ दिवस ठेवला. वर लगेच दाबमोजा.

अहवालात वरच्या थरात बिघडलेल्या पेशी नव्हत्या. कातडीच्या वरच्या भागात जाड भिंतींच्या लहान वाहिन्यांची गर्दी, बाहेर पडलेल्या तांबड्या पेशी, थोडा तंतुमय भाग आणि लोह दाखवणाऱ्या पर्ल्सच्या रंगात निळं उमटलेलं लोह. म्हणजे चकतीही शिरांच्या दाबाचीच निघाली, जुनी आणि घट्ट झालेली. बहुधा तिथं सतत खाजवल्यानं ती सुटी वाढली. नायट्यापासून सगळं पसरलं हा रुग्णाचा अंदाज चुकला आणि आमचा बोवेनचा संशयही. टाका वाया गेला असं मात्र म्हणता येत नाही. भिंगाखालचं चित्र पुढच्या पायावर पुन्हा असंच दिसलं तर पुन्हा तुकडाच काढावा लागेल, कारण दोन्ही रोगांचा चेहरा दहा पटींत एकच आहे.

उजवीकडची शीर ज्येष्ठात लेझरनं बंद केली, इसब पूर्ण विझल्यावर. बाराव्या आठवड्याला घोट्यावर तुरळक वेटोळी, पापुद्रे नाहीत. तपकिरी डाग कायम. ते वर्षानुवर्षं राहतात आणि कोणत्याही मलमानं जात नाहीत, हे रुग्णाला आधीच सांगितलेलं होतं. नाहीतर डाग म्हणजे रोग समजून तिहेरी मलम पुन्हा घरात येतं. निओमायसीन, फ्रॅमायसेटीन आणि त्यांच्या कुळातल्या जेंटामायसीनचं नाव कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, घरातल्या औषधांच्या डब्यावर चिकटवायला.

दाबमोजा साधारण सहा महिन्यांत ढिला पडतो. चैत्रात घेतलेला मोजा चुलवाण पेटायच्या वेळी संपलेला असणार, म्हणून नव्याचं माप आश्विनात घेतलं. आदण चालू असताना दर पंधरा मिनिटांनी वीस वेळा टाचा उचलायच्या, आणि काहिल उतरल्यावर स्टुलावर पाय लोंबकळत बसायचं नाही, गुळाच्या रव्यांशेजारच्या कट्ट्यावर पाय वर टाकून पडायचं, एवढं गुऱ्हाळमालकाच्या कानावर घालून ठेवलं आहे.